बाल्कनीतील टोमॅटो आणि पांढरी माशी

प्रश्न : रत्नागिरीत आमच्या बाल्कनीत कुंड्यांमध्ये टोमॅटो लावले आहेत. पान हलवले की खालून बारीक पांढरे किडे उडतात. एका झाडाच्या शेंड्याची पाने पिवळट, लहान राहून वरच्या बाजूला वळली आहेत. रोज कडुलिंबाचे तेल फवारतो, पण गुण येण्याऐवजी पानांच्या कडा करपल्या. खत म्हणून मासे धुतलेले पाणी घालतो. काय करावे?

उत्तर : आपल्या झाडांवर पांढरी माशी आहे, आणि पाने वळलेल्या झाडाला बहुधा तिच्यामार्फतच लीफ कर्ल या विषाणूची लागण झाली असावी. या दोन गोष्टींचा विचार वेगवेगळा करावा लागतो, कारण माशी आटोक्यात आणता येते, परंतु विषाणूवर कोणतीही फवारणी चालत नाही. ते झाड जीव तुटला तरी मुळासकट उपटावे आणि पिशवीत बंद करून टाकून द्यावे. ते ठेवल्यास माशी त्याचा रस शोषून शेजारच्या कुंड्यांपर्यंत रोग पोहोचवील. त्यावर धरलेले टोमॅटो मात्र खाण्यास हरकत नाही.

उरलेल्या झाडांची पाने उलटून पाहा. शिरांजवळ चपट्या, फिकट, जागच्या न हलणाऱ्या खवल्यांसारखी पिल्ले चिकटलेली दिसतील. आपण वरून फवारत असाल, तर औषध त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही. सकाळी पानांच्या खालच्या बाजूवर पाण्याचा जोरदार फवारा मारावा. आपल्याकडच्या दमट हवेत पाने दिवसभरात वाळणे आवश्यक असते, म्हणून हे काम संध्याकाळवर ढकलू नये. कडुलिंबाचे तेल मात्र ऊन उतरल्यावरच फवारावे. 5 मिली तेलात थोडा द्रवरूप साबण नीट घोटून मग ते 1 लिटर पाण्यात मिसळावे, आधी दोन-चार पानांवर वापरून पाहावे, आणि फवारणी आठवड्यातून एकदाच करावी. रोजच्या तेलानेच, त्यातही ते पाण्यात नीट न मिसळल्यास, पाने करपतात. शेंड्याच्या उंचीवर एरंडेल तेल लावलेला पिवळा पुठ्ठा टांगल्यास उडणाऱ्या माश्या त्यावर चिकटतात. पिल्लांवर त्याचा काही उपयोग नाही.

मासे धुतलेल्या पाण्याबद्दल : कोकणातील घरोघरची ही पद्धत वाईट नाही, पण अति नत्राने पाला लुसलुशीत होतो आणि रस शोषणाऱ्या किडींचे फावते, तेव्हा सध्या हात आखडता घ्यावा. जवळपास मिरची, वांगी किंवा भेंडी असल्यास त्यांचीही पाने तपासावीत.

प्रश्न : मालवणला आमच्या कच्च्या टोमॅटोंना गोल भोके पडतात. कोणती कीड असेल?

उत्तर : ही फळ पोखरणारी अळी आहे. ती डोके फळात खुपसून उरलेले शरीर बाहेर ठेवून खाते, त्यामुळे सहज सापडते. चार-सहा कुंड्यांसाठी औषधाची गरज नाही. संध्याकाळी विजेरी घेऊन अळ्या वेचाव्यात, भोक पडलेली फळे तोडून नष्ट करावीत आणि शेंड्याकडील पानांवर सुटी, पिवळसर पांढरी अंडी दिसल्यास बोटाने चिरडावीत.