प्लगिनमध्ये (वेबसाइटला जास्तीची सोय देणाऱ्या जोड-सॉफ्टवेअरमध्ये) सुरक्षेचं भगदाड निघालं, तर ग्राहकांना कसं कळवायचं? (बेळगाव, खानापूर, निपाणीतल्या दुकानांच्या वर्डप्रेस साइट सांभाळतो.)

ईमेलवर विसंबू नका, दुकानदार तो बघतच नाहीत. आधी फोन, मग व्हॉट्सअ‍ॅपवर तीन ओळी: कुठलं प्लगिन, कुठली आवृत्ती, आत्ता काय करायचं. गोकाककडचं गिऱ्हाईक असेल तर कन्नडमधून.

आवृत्ती नेमकी लिहा. २०२० मध्ये फाइल मॅनेजर प्लगिनच्या ६.० ते ६.८ आवृत्त्यांत लॉगिनशिवाय फाइल चढवता येत होती, ६.९ मध्ये दुरुस्ती आली. नुसतं डीअ‍ॅक्टिव्हेट करूनही भागत नव्हतं, कारण सदोष फाइल सर्व्हरवर तशीच राहायची. म्हणून ‘अपडेट करा, नाहीतर डिलीट करा’ असंच सांगा.

भगदाड तुम्हालाच सापडलं असेल तर आधी प्लगिनवाल्याला गुपचूप कळवा. दुरुस्ती येण्याआधी ते कसं वापरता येतं हे ग्रुपवर टाकू नका. ग्रुपात कोण बसलंय कुणास ठाऊक!