कोडबुक वाचलं का?

युद्धं, दंगली, मोर्चे, शस्त्रखरेदी यांचे आकडे घेऊन अभ्यास करणारी पोरं मराठवाड्यात वाढलीत, याचा आनंदच आहे. प्रश्न मात्र तेच ते येतात. आकडा कुठं मिळेल, कोणता खरा, किती पुरे? तो कुणी मोजला आणि काय दिसल्यावर 'एक' म्हटलं, हे कोडबुकात, म्हणजे आकड्यांसोबतच्या नियमपुस्तिकेत, लिहिलेलं असतं. ते कुणी विचारत नाही. म्हणून परत लिहितो.

परभणीहून एक एम.ए.चा विद्यार्थी: सर, युद्ध म्हणायला 25 मृत्यू लागतात की 1000? क्लासच्या नोट्समध्ये दोन्ही दिलंय.

स्वीडनच्या उप्साला विद्यापीठाच्या मोजणीत एका कॅलेंडर वर्षात लढाईत 25 मृत्यू झाले की 'सशस्त्र संघर्ष', 1000 झाले की 'युद्ध'. नोट्स लिहिणाऱ्यानं मधली ओळ खाल्ली.

लातूरहून स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी वाचक: लोकशाही देश आपसात युद्ध करत नाहीत म्हणतात. मग कारगिल?

नियम बहुतांशी टिकतो आणि कारगिलपाशी अडखळतो. भारतानं 527 जवान गमावले, हा आपला अधिकृत आकडा. पाकिस्तानी लष्करानं 2010 मध्ये आपल्या संकेतस्थळावर 453 नावं टाकली. बेरीज करा, 980 येते. हजाराला वीस कमी! तरीही 1963 मध्ये डेव्हिड सिंगर यांनी मिशिगन विद्यापीठात सुरू केलेला 'कोरिलेट्स ऑफ वॉर' प्रकल्प हजाराचाच उंबरठा लावून कारगिलला युद्ध धरतो, कारण पाकिस्तानच्या बाजूचे इतर अंदाज 453 पेक्षा बरेच मोठे आहेत. दुसरी गाठ अशी की तेव्हा तिथं निवडून आलेलं सरकार होतं, पण डोंगरावरची आखणी लष्कराची होती आणि ऑक्टोबर 1999 मध्ये त्याच लष्करानं सरकार उलथवलं. अशा देशाला लोकशाहीचे किती गुण द्यायचे? परीक्षेत 'बहुतांशी' लिहा आणि हा अपवाद सांगा. प्रबंधात लिहायचं असेल तर मार्गदर्शकांना विचारून मोजपट्टी आधी ठरवा. उत्तर बघून मोजपट्टी निवडायची नसते.

बीडहून: सिप्री या स्टॉकहोमच्या शांतता संशोधन संस्थेच्या शस्त्रआयातीच्या आकड्यांचे रुपये कसे करायचे?

करायचेच नाहीत. तो शस्त्रांच्या लष्करी क्षमतेवरून काढलेला निर्देशांक आहे, बिल नव्हे. लष्करी खर्चाचे आकडे त्याच संस्थेकडे वेगळे मिळतात.

छत्रपती संभाजीनगरहून पीएच.डी. करणारे वाचक: मराठी वर्तमानपत्रांच्या संकेतस्थळांवरून पंधरा वर्षांच्या 'आंदोलन', 'दंगल', 'रास्ता रोको' असलेल्या नऊ हजार बातम्या काढल्या. आलेख सरळ वर जातो. मराठवाड्यातला राजकीय संघर्ष तिपटीनं वाढला, असं लिहू का?

नका लिहू. तुम्ही संघर्ष मोजलेला नाही, बातम्या मोजल्यात. हे मी दर वर्षी कुणाला ना कुणाला सांगतो आणि दर वर्षी नवा आलेख माझ्या टेबलावर येऊन पडतो.

या पंधरा वर्षांत काय काय बदललं ते बघा. जिल्हा पुरवण्या वाढल्या, पोर्टलं निघाली, जुन्या बातम्या संकेतस्थळांवरून गळाल्या आणि नव्या तेवढ्या राहिल्या. उमरग्यात एक रास्ता रोको झाला आणि चार ठिकाणी छापून आला, की तुमच्या तक्त्यात चार. दुसऱ्या दिवशी गुन्हे दाखल झाल्याची बातमी आली, की पाच. उलट तालुक्याचा वार्ताहर पोरीच्या लग्नात गुंतला, की पंधरा दिवस तालुक्यात शांतता नांदते. जगभरच्या बातम्या यंत्रानं वाचून घटना नोंदवणाऱ्या जीडेल्टसारख्या प्रचंड माहितीसंचालाही हाच रोग आहे. तुमच्या लॅपटॉपची काय कथा?

माणसांकडून संघर्षाच्या नोंदी करून घेणाऱ्या एकलेड या संस्थेचा संच बरा, पण त्यात भारत 2016 पासूनच आहे. त्याआधीची रिकामी जागा म्हणजे शांतता, असं धरून चालणारा एक शोधनिबंध मी तपासलाय. नापास केला.

जुन्या काळात तर आणखी जपून. 27 जुलै 1978 ला विधिमंडळानं विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले. ते फक्त शहरातल्या पानांवरून मोजणार असाल, तर आडवळणाच्या गावातल्या जळालेल्या घराची बातमी शहरापर्यंत पोचली होती का, हा प्रश्न आधी सोडवा. न छापलेली घटना तुमच्या तक्त्यात शून्य असते. त्या घरातल्या माणसांना ती शून्य नव्हती.

मी काही धुतल्या तांदळासारखा नाही. उमेदवारीच्या काळात 'उपोषण मागे' ही बातमीसुद्धा मी नवं उपोषण म्हणून मोजली होती. एका जिल्ह्यातली आंदोलनं दुप्पट झाली, चर्चासत्रात टाळ्या पडल्या, आणि सहा महिन्यांनी एसटीत बसल्या बसल्या चूक लक्षात आली.

आता करायचं काय, तर 'घटना' कशाला म्हणायचं ते अर्ध्या पानावर लिहा. निवेदन देणं घटना आहे का? बंद तीन गावांत पाळला तर एक की तीन? मग दोन जणांनी एकमेकांना न विचारता त्याच दोनशे बातम्यांवर शिक्के मारावेत आणि किती जुळले ते 'कप्पा' हा जुळणीचा निर्देशांक काढून बघावं. जुळत नसेल तर दोष व्याख्येत आहे, पोरांत नाही. हे झालं की संख्याशास्त्र विभागातल्या कुणाला तरी भेटा. प्रबंध बांधायला टाकल्यावर भेटून उपयोग नाही. बहुतेक जण तेव्हाच येतात.

नांदेडहून: 'डेटा विश्लेषण आणि पेपर प्रकाशन' असं पॅकेज मिळतंय, महिन्यात छापून देतात. घ्यावं का?

नाही. पीएच.डी.आधी पेपर छापलाच पाहिजे ही अट यूजीसीच्या 2022 च्या नियमांतून गेली आहे. तुमच्या विद्यापीठाचा नियम काय, ते पीएच.डी. विभागात विचारा, पॅकेज विकणाऱ्याला विचारू नका. महिन्यात छापणारा तुमचा पेपर वाचत नाही.

जालन्याहून: पाऊस कमी पडला की यादवी वाढते, असं संशोधन आहे म्हणे. मराठवाड्याला लावता येईल?

म्हणे नको, वाचा. 2004 चा मिगेल, सत्यनाथ आणि सर्जेंटी यांचा निबंध 41 आफ्रिकी देशांचा आहे, काळ 1981 ते 1999. पाऊस कमी पडला की शेती बुडते, शेती बुडाली की अर्थव्यवस्था खचते आणि त्यातून यादवीची शक्यता वाढते, अशी ती साखळी. पुढे 2009 मध्ये तापमानावरून असाच दावा झाला आणि 2010 मध्ये हाल्वार्ड बुहाउग यांनी त्याला आव्हान दिलं. वाद मिटलेला नाही.

आपल्याकडे 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, पाणवठ्यांभोवती जमावबंदी लावावी लागली. यादवी झाली नाही. रोजगार हमी, टँकर, रेल्वे, कामासाठी स्थलांतर असं बरंच काही मध्ये उभं होतं, आणि तुमचा प्रबंध त्या मधल्या भागावर होऊ शकतो. शेतकऱ्याची आत्महत्या मात्र यातल्या कुठल्याच संघर्षाच्या संचात मोजली जात नाही, हे ध्यानात ठेवा. पावसाचे मंडळनिहाय आकडे हाती घेण्याआधी कृषी हवामानाच्या जाणकाराशी बोला.

धाराशिवहून एक निवृत्त शिक्षक: 1948 च्या पोलिस ॲक्शनमध्ये आणि नंतर किती माणसं मेली? व्हॉट्सॲपवर दोन लाख फिरतंय. माझ्या वडिलांनी वेगळंच सांगितलं होतं.

गुरुजी, आधी नाव बघा. सैन्य 13 सप्टेंबरला आत शिरलं, 17 ला हैदराबाद शरण आलं, पण म्हणायचं 'पोलिस ॲक्शन', म्हणजे घरातलं भांडण. निजाम सरकारनं ऑगस्टमध्येच सुरक्षा परिषदेकडे तक्रार नेली होती, म्हणजे त्यांच्या लेखी हा दोन देशांतला तंटा. नंतर ती तक्रार मागे घेतली गेली. एकच घटना, दोन रकाने.

आकड्याचं म्हणाल तर भारत सरकारनं चौकशीला पाठवलेल्या सुंदरलाल समितीच्या अहवालात कारवाईदरम्यान आणि नंतर 27 ते 40 हजार बळी गेल्याचा अंदाज आहे. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांना सर्वाधिक झळ बसल्याचं त्यात म्हटलंय. तो अंदाज आहे, नावानिशी मोजणी नव्हे, आणि अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आला नाही. रझाकारांनी त्याआधी केलेल्या हत्या वेगळ्या मोजायच्या. त्या यात मिसळल्या की दोन्हीकडचे लोक हवा तो आकडा काढतात. दोन लाखवाला निरोप पाठवणाऱ्याला फक्त एवढं विचारा, कुणी मोजले?

वडिलांनी सांगितलेलं आजच लिहून काढा, तारखेसह. त्या वेळी दहा वर्षांचं असलेलं पोर आज पंच्याऐंशीच्या पुढे आहे. तुमच्या गावात अशी दोन माणसं असतील तर दिवाळीनंतर बघू म्हणू नका. परवानगी घेऊन ध्वनिमुद्रण करा, ऐकलेलं कोणतं आणि डोळ्यांनी पाहिलेलं कोणतं ते वेगळं विचारा. छापण्याची घाई मात्र नको. दोन्ही बाजूंची नातवंडं अजून एकाच गल्लीत राहतात, तेव्हा नावं बाहेर काढण्याआधी विद्यापीठाच्या इतिहास विभागात दाखवून घ्या.