टोपोलॉजीत (नेटवर्कच्या नकाशात) एकच स्विच दोनदा दिसतो, होस्टनेमवर (उपकरणाच्या नावावर) मर्ज रूल (दोन नोंदी एक करणारा नियम) लावू का? आणि हिस्टरी रूल कशाला लागतो?

एकट्या होस्टनेमवर लावू नका.

मी सांगलीत एका संस्थेच्या नेटवर्क कंट्रोल रूममध्ये आहे. मिरज, तासगाव, विटा, जत अशा शाखा. सॉफ्टवेअर तुमच्याकडे आहे तेच, नेटवर्कचा नकाशा ठेवणारं आयबीएमचं एजाइल सर्व्हिस मॅनेजर. आमच्याकडेही एकच स्विच एसएनएमपीच्या (उपकरणांना नेटवर्कवरून माहिती विचारण्याच्या पद्धतीच्या) शोधातून एकदा आणि मालमत्तेच्या यादीतून एकदा असा दोनदा यायचा. मी सरळ होस्टनेमचं मर्ज टोकन (ज्या किमतीवरून नोंदी जुळवतात ती) दिलं. दुसऱ्या दिवशी पाहतो तर नकाशात जतचा स्विच तासगावच्या राउटरला जोडलेला. दोन्हीकडे बसवणाऱ्याने नावच दिलं नव्हतं. सिस्कोचा स्विच डब्यातून निघतो तेव्हा त्याचं नाव नुसतं 'स्विच' असतं, तेच दोघांचं राहिलं होतं. हे सुधारायच्या आतच जतची लिंक पडली. अलार्म त्या एकत्र झालेल्या नोडवर आला आणि आमचा मुलगा गाडी काढून तासगावला पोचला. तिथे सगळं सुरळीत. जत सांगलीहून भलत्याच दिशेला, त्यात दुपार गेली आणि तोवर जतची शाखा बंद. ते मला अजून लागतं.

दोनदा दिसणारा स्विच निदान डोळ्याला खटकतो. दोन वेगळे स्विच एक झाले की कुणाला पत्ताही लागत नाही.

म्हणून रूल लिहिण्याआधी ज्यावर जुळवायचं ती प्रॉपर्टी (नाव, सिरीयल नंबर अशी माहिती) सगळ्या रिसोर्सची (नकाशातल्या उपकरणांची) काढा, एक्सेलमध्ये लावा आणि कुठली किंमत किती वेळा येते ते मोजा. सिरीयल नंबर सगळ्यात भरवशाचा, पण तोही मोजाच. असेंबल केलेल्या सर्व्हरमध्ये सिरीयलच्या जागी 'टू बी फिल्ड बाय ओ.ई.एम.' असं छापील वाक्य सापडतं, आणि ते सगळ्यांचं सारखंच. अशा किमती आणि रिकाम्या जागा अट घालून वगळा. आयपी पत्ता घ्याल, तर 192.168.1.1 निम्म्या शाखांत असेल. मॅक पत्त्यावर (उपकरणाच्या हार्डवेअर पत्त्यावर) विसंबताना व्हीआरआरपी (एक राउटर पडला की दुसऱ्याने त्याची जागा घ्यायची पद्धत) आठवा: एकाच ग्रुप नंबरचे सगळे राउटर तोच आभासी मॅक दाखवतात, मग ते जतला असोत की मिरजेला. होस्टनेम घ्यायचंच तर शाखेच्या कोडला जोडून घ्या, आणि दोन्ही स्रोतांतून टोकन अक्षरनअक्षर सारखं येतंय का बघा. एकीकडे डोमेनसकट नाव आणि दुसरीकडे छोटं, तर जुळणार नाही.

आता हिस्टरी रूल. प्रॉपर्टी बदलली की तिची नोंद इतिहासात जाते. 'सिसअपटाइम' (उपकरण सुरू होऊन किती वेळ झाला) ही प्रॉपर्टी सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजतात, म्हणजे प्रत्येक पोलला (माहिती विचारली की दर वेळी) ती बदललेलीच असणार (साधारण 497 दिवसांनी शून्यावरही येते). तापमान, शेवटचं पाहिल्याची वेळ यांचंही तसंच. हिस्टरी रूलने हे इतिहासातून वगळा, नाहीतर डेटाबेस फुगतो आणि खरा बदल त्यात शोधावा लागतो. फर्मवेअर, जागा, स्थिती मात्र ठेवा.

तुम्ही विचारलं नाही, पण टॅग रूलही (उपकरणांना शोधायला सोपी खूण लावणारा नियम) लावा. आम्ही नदीकाठच्या इमारतींत तळमजल्यावर असलेल्या उपकरणांना 'पूर' टॅग दिलाय. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी इशारा पातळी 40 फूट, धोका पातळी 45. पाणी चाळिशीकडे निघालं की त्या टॅगवर शोध घेतो आणि काय काय वर हलवायचं ती यादी हातात येते. 2019 चा पूर पाहिलेल्याला याची किंमत सांगायला नको.

सुरुवात एकाच शाखेपुरती अट घालून करा. रूल बदलला म्हणून आधी आलेले रिसोर्स आपोआप सुधारत नाहीत, ऑब्झर्व्हरचा (स्रोतातून माहिती आणणाऱ्या भागाचा) जॉब पुन्हा चालवा आणि त्या शाखेतली उपकरणं प्रत्यक्ष मोजून नकाशाशी ताडून बघा. आकडा जुळला तरच पुढची शाखा घ्या.