बोली लावण्याआधी चेंडू वाच

एडिसन, न्यू जर्सी
रविवार

चि. बाळ,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठवलेला लॉट, म्हणजे लिलावातली वस्तू, पाहिला. बेब रूथ या बेसबॉलच्या जुन्या दिग्गज खेळाडूच्या सहीचा चेंडू, सोबत प्रमाणपत्र, बोली अजून तीन आकड्यांत आणि लिलाव गुरुवारी रात्री बंद. "काका, घेऊ का?" एवढंच विचारलंस. फोनवर हो-नाही सांगून मोकळा झालो असतो, पण मग पुढच्या लॉटलाही तू मलाच विचारशील. म्हणून लिहायला बसलोय.

फोटो मोठा कर आणि सही सोडून बाकी सगळं बघ. रूथ ज्या लीगमध्ये गाजला त्या अमेरिकन लीगच्या अधिकृत चेंडूवर लीगच्या अध्यक्षाची सही छापलेली असायची. १९३१ ते १९५९ विल्यम हॅरिज, त्याच्यानंतर जो क्रोनिन. रूथ गेला ऑगस्ट १९४८ मध्ये. तेव्हा क्रोनिनच्या छापाच्या चेंडूवर रूथची सही दिसली, तर ती त्याने वर जाऊन केली असं समजायचं. शाईचंही तसंच. अमेरिकेत बॉलपेन दुकानात आलं ऑक्टोबर १९४५ मध्ये, म्हणजे बॉलपेनने केलेली रूथची सही असलीच तर शेवटच्या तीनेक वर्षांतली. मार्कर तर त्याने पाहिलाच नाही. कातडंसुद्धा बोलतं: १९७४ पर्यंत चेंडूला घोड्याचं कातडं लावत, मग गाईचं आलं. तुझ्या लॉटमध्ये सहीचे चार फोटो आहेत, छापाचा एकही नाही. आजच ईमेल कर आणि चेंडूच्या सगळ्या बाजूंचे फोटो माग. टाळाटाळ केली तर उत्तर मिळालं असं समज.

प्रमाणपत्राचा तुला फार भरवसा वाटतो, तो कशाने कमी होईल ते सांगतो. नव्वदच्या दशकात एफबीआयने कॅलिफोर्नियात खोट्या सह्यांची एक टोळी पकडली. त्या कारवाईचं नाव 'ऑपरेशन बुलपेन'. जप्त मालात मदर तेरेसांची सही असलेला बेसबॉलही होता! अशा मालासोबत प्रमाणपत्रंही असत. पुढे २००१ पासून मेजर लीगने, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वांत वरच्या बेसबॉल स्पर्धेने, सामन्यातल्या वस्तूंना मैदानावरच होलोग्राम लावायला सुरुवात केली, पण जुन्या मालाला त्याचा काय उपयोग? आज सही तपासणाऱ्या नावाजलेल्या संस्था आहेत आणि त्यांचं पत्र नसेल तर पुढे विकताना अडचण येते, हे खरंच. तरी ते पत्र म्हणजे एका जाणकाराचं मत. साक्षीदार म्हणावा तर तो चेंडूच.

माझं स्वतःचं सांगतो. इथे येऊन दोन-तीन वर्षं झाली होती. गिरगावात लहानपणी काड्यापेटीचे छाप जमवायचो, ती खोड गेली नव्हती. एका लिलावात पन्नासच्या दशकातल्या यांकीज या न्यूयॉर्कच्या बेसबॉल संघाच्या सह्यांचा चेंडू सहाशे डॉलरला घेतला. त्या संघातला बडा खेळाडू मिकी मँटल, त्याची सही अगदी मधोमध. तेव्हा मोठ्या खेळाडूंच्या सह्या क्लबहाउसमधली, म्हणजे खेळाडूंच्या खोलीत काम करणारी, पोरं सर्रास करून टाकत, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. चेंडू खरा, काळ खरा, बाकीच्या सह्याही खऱ्या. फक्त ज्या सहीसाठी पैसे मोजले ती कुठल्या तरी पोराची. बायको अजून त्याला 'सहाशेवाला' म्हणते.

खेळाडूंची चित्रं असलेल्या बेसबॉल कार्डांमध्ये लबाडीची जात वेगळी. टी२०६ हा १९०९ ते १९११ मधला सिगारेटच्या पाकिटातला संच. त्यातलं होनस वॅग्नर या खेळाडूचं कार्ड म्हणजे या छंदातला कोहिनूर. त्यातलंही सर्वांत देखणं कार्ड २००७ मध्ये २८ लाख डॉलरला विकलं गेलं होतं. प्रतवारी करणाऱ्या पीएसए या कंपनीने अनुक्रमांक एक देऊन, म्हणजे सगळ्यांत आधी, प्लास्टिकच्या डबीत बंद केलेलं कार्ड ते हेच. २०१३ मध्ये बिल मॅस्ट्रो या बड्या लिलाववाल्याने न्यायालयात कबूल केलं की त्या कार्डाच्या कडा त्याने कापल्या होत्या. शिवाय त्याच्या लिलावांत भाव चढवायला खोट्या बोल्या लावल्या जात. या प्रकरणात तो तुरुंगातही गेला. म्हणून डबीवरचा प्रतीचा आकडा वाचलास तरी कडा स्वतः बघ. शंभर वर्षांच्या कार्डाची कड नव्या ब्लेडसारखी दिसली तर मला आनंद होत नाही, धडधड होते.

आता गुरुवारच्या रात्रीबद्दल. हजार डॉलर खर्चायचे ठरवलेस तर बोली हजाराची नाही. ७५० ची बोली लागली की २० टक्के बायर्स प्रीमियम, म्हणजे लिलाववाल्याचं घेणाऱ्याकडून कमिशन, १५०. झाले ९००. त्यावर न्यू जर्सीचा ६.६२५ टक्के विक्रीकर, साधारण साठ डॉलर. पोस्ट आणि विमा धरलास की हजाराला टेकलीस. काही ठिकाणी प्रीमियम याहूनही जास्त असतो, नियम आधी वाच. आकडा संध्याकाळीच कागदावर लिही. बऱ्याच लिलावांत वेळ संपली तरी बोली येत राहिली की लॉट पुढे सरकतो, आणि आधी एकदा बोली लावलेली नसेल तर त्या वाढीव वेळेत शिरताच येत नाही. मग रात्री दोन वाजता डोळे चुरचुरत असताना समोरच्यावर राग येतो आणि माणूस वस्तूसाठी नाही, हट्टासाठी पैसे टाकतो. मी ऑफिसच्या आदल्या रात्री हे केलंय. त्या कार्डाची आज आठवणही नकोशी वाटते.

"पण काका, भाव वाढतातच ना?" वाढतात. मँटलचं १९५२ सालचं टॉप्स कंपनीचं कार्ड २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं. त्याच मालिकेतली न खपलेली कार्डं कंपनीने १९६० मध्ये खोक्यांनी इथेच न्यू जर्सीच्या किनाऱ्याबाहेर समुद्रात बुडवली, असं सांगतात. मला मात्र रूथच्या जर्सीची गोष्ट जास्त शिकवून गेली. २००५ मध्ये ती ९ लाख ४० हजारांना विकली गेली. नंतर तिच्यावरची अक्षरं आणि शिवण जुन्या छायाचित्रांशी ताडून पाहिली, तेव्हा १९३२ च्या वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे हंगामातल्या अंतिम मालिकेच्या, तिसऱ्या सामन्यात त्याने हीच घातली होती असं तज्ज्ञांनी ठरवलं. त्याच सामन्यात त्याने बोट दाखवून त्याच दिशेला चेंडू टोलवला, अशी आख्यायिका आहे. २०२४ मध्ये तीच जर्सी २ कोटी ४१ लाखांना गेली. कापड तेच होतं.

ओहायोत २०१२ मध्ये एका माळ्यावर १९१० च्या सुमाराची सातेकशे कार्डं सापडली, कोरी करकरीत. वीस चुलत-आते भावंडांनी ती समंजसपणे वाटून घेतली. आपल्याकडे असतं तर प्रकरण अजून कोर्टात असतं.

तू सुरुवात टी२०६ च्या साध्या, झिजक्या कार्डांनी कर. संचात ५२४ कार्डं आहेत आणि अनोळखी खेळाडूंची फाटकी कार्डं शंभराच्या आत मिळतात. फाटक्याच्या कडा कापायला कोणी बसत नाही. मागच्या बाजूला पीडमाँट, स्वीट कॅपोरल अशा सिगारेटच्या जाहिराती असतात, त्याही ओळखायला शीक. दहा पट मोठं दाखवणारं भिंग घे, वीसेक डॉलरला येतं. छपाईचे ठिपके आणि आजच्या प्रिंटरचे ठिपके यांतला फरक एकदा बघितलास की विसरणार नाहीस.

ईमेलचं उत्तर काय येतं ते कळव. बुधवारपर्यंत छापाचा फोटो आला नाही तर गुरुवारी बोली नाही. पुढच्या रविवारी जेवायला ये, काकू आमटी-भात करणार आहे. सहाशेवाला टेबलावर काढून ठेवतो. मँटलची सही सोडून आणखी एक सही मला हल्ली खटकते. कुठली ते मी सांगणार नाही, तू भिंग घेऊन ये.

तुझा,
काका