भाकरीचा हिशेब वेगळा

दारव्हा तालुका, जि. यवतमाळ
उलंगवाडीचे दिवस

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. पुण्यातली नोकरी सोडायची, साठवलेले आठ लाख घेऊन गावी यायचे आणि केवळ शेअर बाजारावर संसार चालवायचा, असे तुझ्या मनाने घेतले आहे. आणि त्याला दाखला तू माझा दिला आहेस. ‘काका, तुम्हीही गावात बसूनच केलेत ना?’ हा दाखला अर्धाच खरा असल्यामुळे उत्तर थोडे लांबणार आहे.

मी गावात बसून केले हे खरे, पण बाजारावर जगलो हे खोटे. १९८० पासून निवृत्त होईपर्यंत मी जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढण्याच्या कारखान्यात, दिवाणजी होतो. पाच एकर कोरडवाहू वावर होते, त्यातून वर्षाची ज्वारी, तूर आणि थोडा कापूस निघे, आणि तुझ्या काकू शिवणकाम करीत. घर या तिन्हींवर चालले. पहिले शेअर मी १९८६ मध्ये घेतले, आणि शेअरच्या पैशातून आमच्या घरी पहिली वस्तू आली ती विहिरीवरची मोटार, २००५ मध्ये. मधली एकोणीस वर्षे जो लाभांश आला तो पुन्हा शेअरमध्येच गेला. लोकांना आज माझी जमा दिसते; ती एकोणीस वर्षे कोणाला दिसत नाहीत, कारण त्यात दिसण्यासारखे काही घडलेच नाही.

आता तुझा हिशेब मांडू. महिन्याला वीस हजार लागतील असे तू लिहितोस, म्हणजे वर्षाला दोन लाख चाळीस हजार. आठ लाखांवर हे शेकडा तीस होतात, आणि तेही दरवर्षी, न चुकता. सेन्सेक्सचा, म्हणजे मुंबई शेअर बाजाराच्या निर्देशांकाचा, पाया १९७८-७९ साली १०० धरलेला आहे आणि मार्च २०२४ अखेर तो ७३ हजारांच्या पुढे होता. लाभांश सोडून मोजले तर वर्षाला शेकडा पंधरा-सोळाची वाढ पडते. एवढ्या मोठ्या वाढीच्या दुप्पट तुला नुसत्या किराण्यासाठी हवे आहेत. शिवाय ती वाढ सरळ रेषेत आलेली नाही. एप्रिल १९९२ मध्ये सेन्सेक्स साडेचार हजारांच्या जवळ पोहोचला, रोखे घोटाळा उघड झाला आणि तो कोसळला. अकरा वर्षांनी, एप्रिल २००३ मध्ये, तो तीन हजारांच्या आसपासच होता. त्या अकरा वर्षांत माझ्या दोन्ही मुली शाळेतून कॉलेजात गेल्या आणि एकीचे लग्न झाले. ते सारे पगारातून झाले, म्हणून शेअर हातात राहिले. पगार नसता तर ते मी नेमके पडत्या भावात विकले असते, आणि आज तू मला पत्र लिहिले नसतेस.

तू लहानपणी जिनिंगच्या अंगणात कापसाच्या बैलबंड्यांची रांग पाहिली आहेस. दिवाळीच्या तोंडावर पहिल्या वेचणीचा कापूस घेऊन कोण येतो? ज्याच्यामागे कृषी केंद्राची उधारी, सोसायटीचे कर्ज किंवा लग्नाची तारीख लागली आहे, तो. त्याचा कापूस वाईट नसतो, उलट पहिल्या वेचणीचा म्हणून चांगलाच असतो. पण भरलेली बंडी माघारी नेण्याची त्याची सोय नाही हे व्यापाऱ्याला त्याच्या चेहऱ्यावरून कळते, आणि भाव तिथेच ठरतो. काट्याशेजारच्या टेबलावर बसून मी हे इतकी वर्षे पाहिले की पुढे बाजार वेगळा शिकावा लागला नाही. शेअर बाजारात बंडी दिसत नाही, पण रांग तीच असते. जानेवारी २००८ मध्ये एकवीस हजारांना शिवलेला सेन्सेक्स मार्च २००९ मध्ये आठ हजारांवर आला, किंवा २३ मार्च २०२० रोजी एका दिवसात शेकडा तेरा पडला, तेव्हा विकणाऱ्यांत घाबरलेले होते तसे नाइलाजाने विकणारेही पुष्कळ होते. ज्याला अमुक तारखेला पैसा लागणारच आहे, त्याने तो पैसा या बाजारात आणणे म्हणजे माघारी न नेता येणारी बंडी भरणे.

यावरून तू म्हणशील की थांबेल तो जिंकेल. थांब, इतके सोपे नाही. २०२१-२२ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ६,०२५ रुपये होता आणि बाजारात भाव दहा हजारांच्या पार गेला. पुढच्या वर्षी आपल्या गावाने ठरवले की यंदा दहाच्या खाली द्यायचाच नाही. कापूस ओसरीत आला, मग झोपायच्या खोलीत आला, उन्हाळ्यात घरातल्या लेकरांच्या अंगाला खाज सुटली, आणि भाव मात्र उतरत गेला. तुझ्या वडिलांनी शेवटी काय भावाने दिला ते त्यांना विचार. मी विचारत नाही, कारण माझाही तसाच गेला. घरात ठेवलेल्या कापसाला रुई फुटत नाही. तो वाळतो, वजनात घटतो, पिवळा पडतो. चांगला धंदा करणारी कंपनी मात्र तुम्ही झोपलेले असतानाही माल विकते, उधारी वसूल करते आणि नफ्यातला काही भाग पुन्हा धंद्यात घालते, म्हणून तिचा शेअर धरून ठेवण्याला अर्थ आहे. जी कंपनी कमावतच नाही, तिचा शेअर दहा वर्षे धरणे म्हणजे ओसरीतला कापूसच. तेव्हा प्रश्न किती थांबायचे हा नंतरचा. कशावर थांबायचे हा आधीचा.

ते कसे ओळखायचे, असे तू विचारले आहेस. आमच्याकडचा कापसाची प्रत ठरवणारा ग्रेडर बंडीतला वरचा कापूस कधी पाहत नसे. तो कोपरापर्यंत हात आत घाली आणि तळातली मूठ काढी, कारण वरचा थर सगळ्यांचाच पांढरा असतो. वार्षिक अहवालाचा वरचा थर म्हणजे अध्यक्षांचे भाषण आणि रंगीत फोटो. तू मागून वाचायला लाग. नफा लाखांत दाखवला आहे, पण रोख प्रवाह पत्रकात धंद्यातून आलेली रोकड दरवर्षी कमीच दिसते, तर माल उधारीवर ढकलला जात आहे का ते पाहा. प्रवर्तकांनी, म्हणजे कंपनीच्या मूळ मालकांनी, आपले शेअर गहाण ठेवले आहेत का, त्यांच्याच नातलगांच्या कंपन्यांशी किती व्यवहार आहेत, लेखापरीक्षक मुदतीआधी का सोडून गेला, हे सारे टिपांमध्ये बारीक अक्षरात असते. पाच वर्षांचे अहवाल शेजारी ठेव आणि पहिल्या वर्षी दिलेल्या आश्वासनांचे पाचव्या वर्षी काय झाले ते ताड. हे काम कंटाळवाणे आहे. एका कंपनीला मला तीन-चार रविवार लागत, आणि दहा कंपन्या वाचल्यावर एखादी हाती राही.

एवढे करूनही हात आत घालणारा फसतो. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यम कॉम्प्युटर्स या कंपनीच्या अध्यक्षांनी स्वतः कबुली दिली की ताळेबंदातल्या ५,३६१ कोटींच्या रोख आणि बँक शिलकीपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नव्हते. ज्या रोकडीकडे बघ असे मी तुला सांगितले, तीच तिथे खोटी होती. म्हणून कोणत्याही एका कंपनीत माझ्या एकूण रकमेच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त पैसा मी घातला नाही, ती कितीही आवडली तरी.

माझी चूकही सांगतो, कारण ती तुझ्या वडिलांनी तुला सांगितली नसणार. १९९५ च्या सुमारास नव्या कंपन्यांच्या भागविक्रीचा पूर आला होता. आमच्याकडे येणाऱ्या एका कापूस दलालाच्या सांगण्यावरून, एकही कागद न वाचता, पतसंस्थेतून पंधरा हजारांचे कर्ज काढून मी एका कंपनीचे शेअर घेतले. दोन वर्षांत त्या कंपनीचा पत्ताही उरला नाही. अशा पसार झालेल्या कंपन्यांची यादीच पुढे सरकारला करावी लागली. शेअर गेले, हप्ते मात्र तीन वर्षे पगारातून जात राहिले. ती प्रमाणपत्रे ट्रंकेत आहेत. तुझ्या काकूंनी ती दोनदा चुलीत घालायला काढली होती, मी घालू दिली नाहीत.

कागदी प्रमाणपत्रांचा एक फायदा आता हरवला आहे. शेअर विकायचा तर हस्तांतरणाच्या फॉर्मवर सही करून तो प्रमाणपत्रासह रजिस्टर टपालाने अमरावतीच्या दलालाकडे पाठवावा लागे, आणि सही जुळली नाही तर सारे परत येई. या कटकटीला कंटाळून मी कित्येक वेळा विकायचे टाळले, आणि त्या आळसाने मला जेवढे दिले तेवढे अभ्यासाने दिले की नाही, याची शंका आहे. १९९६ नंतर डीमॅट, म्हणजे कागदाऐवजी संगणकावरच्या खात्यात शेअर ठेवणे, आले, ते चांगलेच झाले, पण आता विकायला बोटाचा एक स्पर्श पुरतो. तुझ्या फोनमधले भाव दाखवणारे अॅप काढून टाक. महिन्यातून एकदा संगणकावर पाहिलेस तरी पुष्कळ झाले.

फ्युचर्स आणि ऑप्शन्स, म्हणजे पुढच्या तारखेच्या भावावर आजच केलेले सौदे, यांबद्दल तू दोन पाने लिहिली आहेस, मी दोन वाक्ये लिहितो. सेबीने, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत त्यात उतरलेल्या वैयक्तिक व्यवहार करणाऱ्यांपैकी ९३ टक्के लोक तोट्यात गेले आणि त्यांचा एकत्रित तोटा १.८ लाख कोटींहून अधिक होता. त्या ९३ जणांनाही आपण उरलेल्या सातांतले आहोत असेच वाटत होते.

नामांकित गुंतवणूकदार राकेश झुनझुनवाला यांनी १९८५ मध्ये पाच हजार रुपयांनी सुरुवात केली, असे तू लिहिले आहेस. ते सगळेच सांगतात. झुनझुनवाला आधी चार्टर्ड अकाउंटंट झाले आणि मग बाजारात उतरले, हे कोणी सांगत नाही. बाजाराने हात दिला नसता तरी त्यांच्या हातात भाकरीची विद्या होती. तुझ्याही हातात ती आहे, आणि तीच तू सोडायला निघाला आहेस.

आणखी एक, आणि हे गावात राहायचे तर फार महत्त्वाचे. तू परत आलास की लोक पैसे घेऊन येतील. माझ्या साडभावाचे वीस हजार मी असेच घेतले होते. त्याचे चाळीस झाले तेव्हा त्याने घरोघरी सांगितले, आणि पुढे अठरा झाले तेव्हाही घरोघरी सांगितले. मी माझ्या खिशातून भर घालून त्याचे पैसे चुकते केले, तरी पुढची तीन वर्षे तो आमच्या पोळ्याला आला नाही. दुसऱ्याचा पैसा सांभाळायला सेबीची नोंदणी लागते ही कायद्याची गोष्ट झाली. नोंदणी असती तरी मी नातलगाचा घेतला नसता.

गावी यायचेच असेल तर ये, तुझ्या वडिलांना आता वावर झेपत नाही हे मलाही दिसते. पण येण्याआधी घरून करता येईल असे काम किंवा जवळपासची नोकरी बघ, पगार निम्मा मिळाला तरी चालेल. आठ लाखांतून दीड वर्षाचा घरखर्च बँकेत मुदत ठेवीत घाल आणि तो बाजाराला दाखवू नको. उरलेले एकदम न घालता दोन वर्षांत थोडे थोडे घाल. पोळ्याला येशील तेव्हा एखाद्या कंपनीचे पाच वर्षांचे अहवाल वाचून, टिपणे काढून घेऊन ये. मी ट्रंक माळ्यावरून खाली काढून ठेवतो. आधी ती प्रमाणपत्रे पाहू, मग तुझी टिपणे.

वडिलांना नमस्कार सांग. कळावे.

तुझा,
काका