वाचकांचे प्रश्न : शेल कोणते, आर्किटेक्चर कोणते?

प्रश्न : मी कमांड लाइनवर चालणारे एक साधन तयार केले आहे. त्याची इन्स्टॉल स्क्रिप्ट वापरणाऱ्याचे शेल (टाइप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्रॅम) ‘शेल’ याच नावाच्या एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबलवरून आणि संगणकाचे आर्किटेक्चर (प्रोसेसरचा प्रकार) ‘यूनेम’ कमांडवरून ओळखते. तरीही काही जणांना इन्स्टॉल झाल्यावर ‘कमांड सापडली नाही’ असा संदेश येतो आणि ॲपल सिलिकॉनच्या (ॲपलच्या आर्म प्रोसेसरच्या) एका मॅकवर चक्क इंटेलची बायनरी (चालवण्यास तयार प्रोग्रॅम-फाइल) उतरली. नेमके काय चुकते आहे?

उत्तर : दोन्ही ठिकाणी आपली स्क्रिप्ट विचारते एक आणि आपल्याला हवे असते दुसरेच.

‘शेल’ हे व्हेरिएबल सहसा लॉग-इनच्या वेळी भरले जाते आणि पुढच्या प्रत्येक प्रोसेसकडे जसेच्या तसे जाते. त्यामुळे बॅश या शेलमध्ये लॉग-इन करून त्यातच फिश हे दुसरे शेल सुरू केले तरी व्हेरिएबलमध्ये बॅशच राहते, आणि ‘सीएचएसएच’ कमांडने डीफॉल्ट शेल बदलले तरी नव्याने लॉग-इन करेपर्यंत जुनेच नाव दिसते. कंटेनरमध्ये (प्रोग्रॅमसाठीच्या बंदिस्त वातावरणात) तर हे व्हेरिएबल अनेकदा नसतेच. डीफॉल्ट शेलची खरी नोंद वापरणाऱ्याच्या खात्यात असते. लिनक्सच्या ‘पासवड’ फायलीत प्रत्येक खात्याची एक ओळ असते, तिचे अपूर्णविरामांनी सात भाग पडतात आणि सातव्या भागात शेलचा पत्ता असतो. मात्र ही फाइल थेट उघडून वाचू नये, कारण खाती एलडॅप सर्व्हरवर, म्हणजे नेटवर्कवरच्या सामाईक नोंदवहीत, असतील तर ती या फायलीत सापडत नाहीत आणि मॅकवरची नेहमीची खातीही तिच्यात नसतात. लिनक्सवर ‘गेटेंट’ला आणि मॅकवर ‘डीएससीएल’ला विचारावे. मॅकची आवृत्ती पाहून अंदाज बांधणेही धोक्याचे आहे : २०१९ च्या कॅटालिनापासून नव्या खात्यांना झेडशेल मिळते, पण त्याआधीची खाती अपग्रेडनंतरही बॅशवरच राहतात.

आपल्या ‘सापडली नाही’चे मूळ बहुधा याच्या पुढच्या पायरीत असावे : साधनाचा पाथ, म्हणजे शेलने कमांड जिथे शोधायची तो पत्ता, शेल सुरू होताना वाचते त्या फायलीत लिहिण्यात. मॅकचे टर्मिनल लॉग-इन शेल उघडते आणि अशा वेळी बॅश ‘बॅश प्रोफाइल’ वाचते, ‘बॅशआरसी’ आपणहून वाचत नाही; त्यामुळे तिथे ‘बॅशआरसी’मध्ये लिहिलेला पाथ वाया जातो. फिशचे व्याकरणच वेगळे असल्याने त्याच्यासाठी वेगळी ओळ लागते. शिवाय शेलची ही सुरुवातीची फाइल वापरणाऱ्याने वर्षानुवर्षे जपलेली असते, म्हणून तिच्यात काहीही घालण्यापूर्वी ती ओळ दाखवून त्याची परवानगी घेणे मला अत्यावश्यक वाटते.

आता आर्किटेक्चर. ॲपल सिलिकॉनवर इंटेलसाठीचे प्रोग्रॅम रोझेटा २ च्या भाषांतरातून चालतात. टर्मिनलच रोझेटाखाली उघडले असेल, तर त्यातून सुरू झालेली स्क्रिप्टही सहसा तशीच चालते आणि ‘यूनेम’ प्रामाणिकपणे एक्स८६-६४ असे सांगते. अशा वेळी ‘सिसकंट्रोल’मधील ‘प्रॉक ट्रान्सलेटेड’ ही किल्ली तपासावी. तिचे मूल्य १ आले तर मूळ प्रोसेसर आर्म आहे. इंटेलच्या मॅकवर ही किल्लीच नसते, म्हणून तिथे येणारी एरर म्हणजे ‘भाषांतर नाही’ असे धरावे.

लिनक्सवर गोष्ट उलट होते. ‘यूनेम’ कर्नलविषयी (प्रणालीच्या गाभ्याविषयी) बोलते, आणि ६४ बिटांच्या कर्नलवर बाकी सगळी प्रणाली ३२ बिटांची असू शकते. रास्पबेरी पायवर हे हमखास आढळते. तिथे ६४ बिटांची बायनरी उतरवली की फाइल डोळ्यांसमोर असूनही ‘अशी फाइल नाही’ असा संदेश येतो, कारण न सापडलेली फाइल असते ती बायनरीला लागणारा लोडर (तिला सुरू करून देणारा प्रोग्रॅम). जीलिबसी या सी लायब्ररीसाठी बांधलेली बायनरी मसल या दुसऱ्या सी लायब्ररीवर चालणाऱ्या अल्पाइन लिनक्समध्ये टाकली तरी हाच अनुभव येतो. म्हणून डेबियन लिनक्सच्या घराण्यात ‘डीपॅकेज’ या पॅकेज-साधनाला त्याचे आर्किटेक्चर विचारावे आणि इतरत्र ‘गेटकॉन्फ’ कमांडकडून लाँग बिट (प्रणाली ३२ की ६४ बिटांची) तपासावे. नावांचीही एक तक्ता-फाइल ठेवावी, कारण ज्याला लिनक्स एआर्च६४ म्हणते त्यालाच मॅक आर्म६४ म्हणते.

एवढे करूनही एखादी प्रणाली आपल्या तपासणीत बसणार नाही, त्यामुळे काय ओळखले ते स्क्रिप्टने डाउनलोडपूर्वी छापावे आणि शेल व आर्किटेक्चर दोन्ही हाताने सांगण्याची सोय ठेवावी.