कायरल फेरोइलेक्ट्रिक द्रवस्फटिकावर लेसर टाकूनही हिरवा प्रकाश का दिसत नाही?

प्रश्न असा आहे: एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी फेरोइलेक्ट्रिक (ज्याचे धन-ऋण भार आपणहून एका दिशेला सरकलेले असतात अशा) द्रवस्फटिकाचा सेल, म्हणजे दोन काचांमधली पातळ फट, भरलाय, व्होल्टेज दिलंय, 1064 नॅनोमीटरचा स्पंदित लेसर काचेवर अगदी काटकोनात पडतोय, पण दुप्पट वारंवारतेचा, म्हणजे 532 नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश काही येत नाही. रेणू कायरल आहेत, म्हणजे स्वतःच्या आरशातल्या प्रतिमेशी न जुळणारे, मग चुकतंय कुठं?

आधी सेल तिरका करा. खरंच, तीस-चाळीस अंश फिरवून बघा. तुमचे इलेक्ट्रोड काचांवर आहेत, म्हणजे विद्युतक्षेत्र काचेला लंब, आणि ध्रुवीकरणही (धन-ऋण भार सरकण्याची दिशा) त्याच दिशेला, नेमकं लेसरच्या वाटेवर. सरळ आलेला लेसर द्रवस्फटिकात जी दुप्पट वारंवारतेची थरथर उठवतो, तीही याच दिशेला असते. आणि थरथरणारा द्विध्रुव (धन-ऋण भारांची जोडी) स्वतःच्या अक्षाच्या दिशेनं प्रकाश फेकत नाही. त्यामुळे काटकोनात उत्तर शून्यच यायला हवं, तुमचा सेल कितीही सुंदर जमलेला असला तरी.

आता कायरलपणाचं. आपल्या पदार्थात रेणूंचे थर असतात आणि प्रत्येक थरात रेणू वाऱ्यानं एका बाजूला कललेल्या उसासारखे उभे असतात. रेणू कायरल नसतील तर या कलाच्या प्रतलात आरसा ठेवता येतो, काही बदलत नाही; मग आरशाला लंब दिशेनं ध्रुवीकरण उरूच शकत नाही. डाव्या-उजव्या पंजासारखा हात असलेला रेणू आला की आरसा मोडतो आणि त्या लंब दिशेला ध्रुवीकरणाची मुभा मिळते. रॉबर्ट मेयर यांनी 1975 मध्ये हा तर्क एवढ्या सममितीवरून मांडला आणि फ्रान्समधल्या सहकाऱ्यांनी तयार केलेल्या डोबॅम्बीसी या पदार्थात तो खराही ठरला.

पण मुभा मिळणं वेगळं आणि सिग्नल मिळणं वेगळं. माझ्या मते पुस्तकं इथे विद्यार्थ्याला फसवतात. इलेक्ट्रॉन सहज सरकतात ते रेणूच्या लांबीच्या दिशेनं, बेंझिनच्या कड्यांमधून. ध्रुवीय अक्ष मात्र आडवा. त्यामुळे डोबॅम्बीसीचा अरेषीय गुणांक, म्हणजे वारंवारता दुप्पट करायची ताकद, साध्या क्वार्ट्झच्या शंभराव्या भागाइतकाही नाही, आणि सिग्नल गुणांकाच्या वर्गाप्रमाणे जात असल्यानं त्याची गत आणखी वाईट. कोलोरॅडोतल्या बोल्डरच्या गटानं 1991 च्या सुमारास यावर चांगली युक्ती केली: इलेक्ट्रॉन देणारा एक गट आणि ते ओढणारा नायट्रो गट रेणूच्या कडेला अशा जागी बसवला की त्यांची जोडी आडवी, ध्रुवीय अक्षालगत राहील. गुणांक क्वार्ट्झच्या पंक्तीला आला. तुमच्या गाईडनं दिलेलं मिश्रण डिस्प्लेसाठी बनवलेलं असेल तर त्यात असं काही नसणार. बाटलीवरची रचना एकदा पाहून घ्या.

सेलच्या जाडीचाही विचार करा. पातळ, दोन मायक्रोमीटरच्या सेलमध्ये मळसूत्र (थरागणिक कलाची दिशा थोडीथोडी फिरत जाणं) आपोआप उलगडतं, पण प्रकाशाला काम करायला अंतरच उरत नाही. जाड सेलमध्ये अंतर मिळतं, पण थर बदलेल तसं ध्रुवीकरण मळसूत्रात गोल फिरतं आणि एकमेकांना खाऊन टाकतं. ते उलगडायला क्षेत्र द्यावं लागतं. सेल गरम, द्रव अवस्थेत भरून अगदी सावकाश थंड करा. घाई केलीत तर सगळं दुधाळ होतं आणि प्रकाश चहूकडे विखुरतो.

हिरवा ठिपका दिसला म्हणून लगेच पेढे वाटू नका. मी वाटले होते. माझा पहिला ठिपका लेसरच्या पेटीतूनच येत होता, तिथल्या दुपटीच्या स्फटिकातून गळणारा उरलासुरला 532. आठवडाभर मी तो द्रवस्फटिकाच्या नावावर मांडत होतो. सेलच्या आधी हिरवा अडवणारा आणि 1064 जाऊ देणारा फिल्टर लावा, नंतर सेल तापवून पूर्ण द्रव करा: ठिपका तरीही राहिला तर तो तुमचा नाही. जाड सेलमध्ये क्षेत्र बंद केल्यावरही सिग्नल घसरायला हवा.

विषय बदलायची मोकळीक असेल तर फेरोइलेक्ट्रिक नेमॅटिककडे (थर नसलेला, रेणू नुसते एका दिशेला लागलेला द्रवस्फटिक) बघा. 2017 मध्ये यॉर्क आणि जपानमधल्या गटांनी असे दोन पदार्थ मांडले, 2020 मध्ये बोल्डरच्या गटानं त्यातल्या एकाची फेरोइलेक्ट्रिक वागणूक दाखवली. तिथे ध्रुवीकरण रेणूच्या लांबीच्याच दिशेला असतं, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या सोयीचं, आणि कायरलपणाची अटही नाही. 2024 मध्ये अशाच द्रवस्फटिकातून गुंतलेल्या (एकमेकांशी क्वांटम नात्यानं बांधलेल्या) फोटॉनांच्या जोड्या मिळवल्या गेल्या. पण प्रोजेक्ट चार महिन्यांचा असेल तर आहे तोच सेल फिरवून बघणं सोपं. किती अंशाला सिग्नल आला ते इथे कळवा.